कोपऱ्याच्या शेजारचा माणूस

पंचवटी, नाशिक
मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १९२३

श्रीमान गोटीरामराव यांस,

मालेगावच्या दिशेने तोंड करून वाल्मीकचा नमस्कार. आधी तक्रार आणि मग क्षेमकुशल, हा क्रम शिष्टसंमत नाही हे मला ठाऊक आहे. परंतु तक्रार पायाची आहे आणि पाय रोज दुखतो, म्हणून तीच आधी. दिवाळीत भाऊबीज आटोपून आपण आमच्या घरून निघालात, तेव्हा आपल्या डाव्या पायात आपली चप्पल होती आणि उजव्या पायात माझी. हे आपल्या बहिणीने पाहिले नाही, मी पाहिले नाही, आणि ज्यांनी पाहायला हवे होते त्या आपण तर मुळीच पाहिले नाही. जिल्ह्यातले नावाजलेले कबड्डीपंच आपण. मधल्या रेषेला खेळाडूच्या अंगठ्याचे नख लागले की नाही, यावर आपण शिट्टी वाजवता आणि दोन गावे वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत. त्या आपल्याला स्वतःच्या पायात कोणाची चप्पल आहे हे मालेगावच्या स्टँडपर्यंत समजू नये, याला न्याय म्हणावे की अंधेरनगरी, ते मी काळावर सोपवतो. माझी तपकिरी होती. तुमची काळी आहे, आणि अर्ध्या बोटाने मोठी. मी सध्या शाळेत जाताना एका पायाने शिक्षक आणि एका पायाने पंच असतो.

असो. तुमची प्रकृती कशी आहे? सिंधुवहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुमच्या गल्लीतले यंत्रमाग रात्री चालू असतात तोवर तुम्हाला गाढ झोप लागते आणि वीज गेली की शांततेने जाग येते, असे वहिनी म्हणाल्या होत्या, ते अजून तसेच आहे का? तुमच्या हर्षालीने दहावीला संस्कृत सोडून दुसरा विषय घेतल्याचे कळले. मला वाईट वाटले नाही. (वाटले, पण ज्या घरात पाहुण्यांची पादत्राणे सुरक्षित नाहीत, तिथे देवभाषा तरी किती दिवस टिकणार?) इकडे आम्ही सर्व ठीक आहोत. तुमची बहीण ठीक आहे. योगेश ठीक आहे, म्हणजे त्याचा डावा खांदा सोडून ठीक आहे. खांद्याचे पुढे येईलच, कारण या पत्राचा सगळा भार शेवटी त्याच खांद्यावर आहे.

विषय असा आहे की आमच्या मंडळाने एक खेळाडू देऊन दुसरा घ्यावा किंवा कसे, यावर तुमचे मत हवे आहे. हे फोनवर विचारता आले असते. परंतु आमचा फोन बैठकीत आहे, बैठकीत तुमची बहीण आहे, आणि तिच्या समोर कबड्डी हा शब्द उच्चारायचा झाला तर आधी मला पुरेसे जेवलेले असावे लागते.

तुम्हाला हसू येत असेल की मी या मंडळाचा अध्यक्ष झालोच कसा. मलाही येते. वडिलोपार्जित धंदा कांद्याचा आणि द्राक्षाचा असताना ज्याने संस्कृत शिकण्याचे ठरवले, त्या माणसाला आयुष्यात पुढे काय काय व्हावे लागेल याचा नेम नसतो. आमचे मैदान घरामागे आहे, चुना आणि फावडी आमच्या ओट्यावर ठेवतात, आणि सत्काराच्या वेळी माइकवर न अडखळता बोलणारा गल्लीत मी एकटाच. एवढ्या पात्रतेवर केरूने (आमचा सचिव; मखमलाबाद नाक्यावर त्याचे सायकलचे दुकान आहे) माझे नाव सुचवले आणि मी 'नको' म्हणायला उभा राहिलो तोवर टाळ्या वाजल्या. कबड्डीतले मला जे समजले आहे ते लिहितो. चुकलो तर शिट्टी वाजवावी.

चढाईला आलेल्या माणसाचे सगळे कौतुक करतात. तो आमच्याकडे दिनेश आहे. केस मागे वळवलेले, मांडीवर थाप मारली की पार काळारामाच्या दरवाजापर्यंत ऐकू जाते, आणि शिवून परत येताना पोरींच्या बाजूने येतो, जवळचा रस्ता दुसरा असला तरी. दिनेश लहानपणापासून आमच्याकडे जेवतो. योगेशच्या आणि त्याच्या ताटातला फरक तुमच्या बहिणीने कधी केला नाही. योगेश डाव्या कोपऱ्यात खेळतो. समोरचा गडी आत आला की त्याच्या घोट्याला विळखा घालायचा, हे कोपऱ्याचे काम. घोटा धरलेला गडी मधल्या रेषेकडे झेपावतो आणि धरणाऱ्याला ओढत नेतो. त्या क्षणी कोपऱ्याच्या शेजारी जो उभा असतो त्याने येऊन गड्याची कंबर अडवायची. तो वेळेवर आला तर पकड होते. तो न आला तर कोपऱ्यातल्या पोराचा हात एकीकडे जातो आणि बाकीचे पोर दुसरीकडे.

गेल्या वर्षीपर्यंत योगेशच्या शेजारी राजू होता. राजूबद्दल कोणी कधी चांगले बोलल्याचे मला आठवत नाही. वाईटही कोणी बोलले नाही. तो तिथे असे, एवढेच. मग तो पोलिसात भरती झाला, आम्ही त्याला हार घातला, आणि त्याच्या जागी आलेला मुलगा चांगला आहे, मेहनती आहे, फक्त अर्धा श्वास उशिरा येतो. त्र्यंबकच्या सामन्यात त्या अर्ध्या श्वासात योगेशचा खांदा निखळला. हाडवैद्याने बसवला. पुढे भगूरला पुन्हा तेच. त्या दिवशी घरी आल्यावर तुमच्या बहिणीने एकच प्रश्न विचारला: "मंडळ तुमचं, पोरगा तुमचा, मग खांदा कोणाचा?" तीस वर्षे मी मुलांना षष्ठी विभक्ती शिकवली; ती मला कोणी विचारली ती पहिल्यांदाच.

योगेशला 'खेळू नकोस' म्हणून पाहिले. तो 'हो' म्हणाला आणि संध्याकाळी मैदानात गेला. त्याला दटावणे मला जमत नाही, कारण तो उलट उत्तर देत नाही. तेव्हा पोराला मैदानातून काढता येत नसेल तर त्याच्या शेजारी नीट माणूस उभा करावा, असा विचार माझ्या मनात आला. (हा विचार मंडळाच्या हिताचा होता असे मी सभेत सांगितले. ते अगदीच खोटे नव्हते.)

आणि असा माणूस जिल्ह्यात एकच आहे, असे सर्वांचे मत पडले. देवळ्याजवळच्या एका गावचा बारकू. हे नाव त्याला जन्माच्या वेळी ठेवले असावे, कारण त्यानंतर ते त्याला कधी लागू पडलेले नाही. तो दारात उभा राहिला की घरात दिवा लावावा लागतो. तुम्ही त्याचे सामने चालवले आहेत, तुम्हाला मी काय सांगणार. पण बारकू श्रावणापासून खेळत नाही. तो घरी बसला आहे. मंडळ सोडलेले नाही, गाव सोडलेले नाही, दुखापत नाही, नोकरी नाही. नुसता बसला आहे. आणि त्याचे मंडळ म्हणते की आमचा बसलेला माणूस घेऊन जा, ना हरकत पत्र लगेच देतो, बदल्यात तुमचा दिनेश द्या.

यावर आमच्या सभेत जे झाले ते साग्रसंगीत लिहिले तर पोस्ट खाते वजनाचे पैसे मागेल. केरूचे म्हणणे असे की खेळणारा देऊन न खेळणारा घेणे म्हणजे दुभती म्हैस सोडून रुसलेला रेडा दावणीला बांधणे. दुसरा पक्ष म्हणाला की चढाईवाले गल्लोगल्ली मिळतात, नुसता भक्कम उभा राहणारा कुठे मिळतो ते दाखवा. मते समसमान झाली. अशा वेळी अध्यक्षाचे मत निर्णायक असते हे मला त्याच दिवशी कळले. तोवर मी ते पद केवळ हार घालण्याचे समजत होतो. मी वेळ मागून घेतला. खरे सांगू का, मला त्या व्यवहारापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची उत्सुकता लागली होती. एवढा मोठा माणूस रुसून का बसला असेल?

रुसवा या विषयावर आमच्या शास्त्रकारांनी बराच विचार केला आहे. अर्थात त्यांच्या डोळ्यांसमोर देवळ्याचा गडी नव्हता, नायिका होती. मानिनीचा मान, म्हणजे रुसवा, घालवायचे त्यांनी सहा उपाय सांगितले: गोड बोलणे, तिच्या सख्या फोडणे, भेटवस्तू, पाया पडणे, दुर्लक्ष, आणि शेवटी अचानक काही भय किंवा आनंद उभा करून तिचे मन दुसरीकडे वळवणे. मी चौकशी केली तेव्हा थक्क झालो. बारकूच्या मंडळाने शास्त्राचे एक अक्षर न वाचता हे सगळे उपाय करून पाहिले होते. गणपतीत लाउडस्पीकरवरून त्याची स्तुती झाली, तेव्हा तो शेतात पाण्याच्या पंपावर होता. त्याची आई बयाबाई हिला फोडायचा प्रयत्न झाला. तिने आलेल्यांना भाकरी वाढली आणि 'त्याला विचारा' म्हणून सांगितले. कप्तान खरोखर पाया पडला. बारकूला इतका संकोच झाला की तोही घाईने वाकला, आणि कप्तानाच्या कपाळाला टेंगूळ आले. दुर्लक्षही करून पाहिले, पण ते त्याच्या लक्षातच आले नाही. शेवटी कोणीतरी धावत येऊन 'मैदानात आग लागली' म्हणून ओरडला. बारकू बादली घेऊन गेला, आग नाही असे पाहून बादली घेऊन परत आला, आणि पुन्हा बसला.

कारणाबद्दल जितकी तोंडे तितकी मते. कोणी म्हणे सत्काराच्या वेळी चढाईवाल्याला शाल आणि ह्याला नुसता नारळ दिला म्हणून. कोणी म्हणे पेपरात फोटो छापताना कडेला उभा असलेला हा कापला गेला आणि दुसऱ्याच्या खांद्यावर फक्त त्याचा पंजा राहिला, म्हणून. साडेसाती म्हणणारेही होते. मी प्रत्येकाला विचारले की हे तुम्हाला कोणी सांगितले. तर कोणीच नाही. बारकूला कोणी विचारलेच नव्हते. तुम्हाला यात नवल वाटणार नाही, मलाही आधी वाटले नाही. आपल्याकडे रुसलेल्याला कारण विचारायची रीत नाही. ते आपल्याला ठाऊक असायला हवे असते. लग्नात विहीणबाई पानावरून उठल्या तर आपण पाटाभोवती रांगोळी वाढवतो, साडी बदलून आणतो, चारजण हात जोडतो, पण 'बाई, झाले काय?' असे विचारणारा सोयरा तुम्ही पाहिला आहे का? विचारणे म्हणजे त्यांचा अपमान आपल्या लक्षातच आला नव्हता अशी कबुली देणे. तुमच्या थोरल्या काकांचा आमच्या लग्नातला रुसवा अजून अधांतरीच आहे.

तर मी आणि केरू एसटीने देवळ्याला गेलो. केरूने पिशवीत शाल घेतली होती. मी म्हणालो की शालींचा उपयोग झालेला दिसत नाही, तो म्हणाला, "सर, मोकळ्या हाताने जाऊन आपली काय शोभा राहील?" पिंपळगावनंतर बसमध्ये सगळीकडे कांद्याचाच वास आणि कांद्याचीच गोष्ट. उतरून आम्ही वाट विचारत गेलो, तेव्हा एका म्हाताऱ्याने केरूच्या पिशवीकडे पाहूनच बारकूचे घर दाखवले.

खळ्यात लाल कांद्याचा ढीग होता आणि बायका पात कापत बसल्या होत्या. बयाबाईंनी आमच्याकडे पाहिले, पिशवीकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "तुम्ही बी शाल लई उनात का?" (शाल घेऊन आलात का, असे त्यांच्या बोलीत.) केरूने पिशवी पाठीमागे नेली. पण मग मी नीट पाहिले, तर आधीच्या शाली तिथेच होत्या. एक नुकत्याच व्यालेल्या शेळीच्या पिलावर होती, एक रेडिओवर, आणि एक जरीकाठी अशी की जी आमच्या खासदारांनाही मिळाली नसेल, ती धान्याच्या कोठीवर. बयाबाईंनी आमचीही हात लावून पाहिली आणि 'जाड शे' असा अभिप्राय दिला.

बारकू आला. हात जोडले, खाली बसला. चहा झाला. मग रीतीप्रमाणे आम्ही ज्या कामाला गेलो होतो ते सोडून सगळे बोललो. कांद्याचे भाव, पाणी, देवळ्याला तालुका झाल्यापासून कचेरीत वाढलेली गर्दी, केरूच्या मेव्हण्याची मुलगी. बारकू हो-नाही म्हणत होता. चहा दुसऱ्यांदा आला. आणि आता इथे जे घडले ते मी धाडस म्हणून केले नाही हे तुम्ही समजून घ्या. तीस वर्षे वर्गात उभा राहिलेला माणूस. समोर कोणी मान खाली घालून बसला की माझ्या तोंडून एक प्रश्न आपोआप निघतो. तो निघाला.

मी म्हणालो, "का रे बसलास?"

केरूला ठसका लागला. पात कापणाऱ्या बायकांचे विळे थांबले. मला वाटले, आता केरूच्या शालीसह आम्हाला वेशीपर्यंत पोचवतील. बारकूने मान वर केली.

"मास्तर," तो म्हणाला, "एवढी मान्सं आली, पन हे कोनी इचारलंच नाय."

मग त्याने सांगितले. मी ते माझ्या शब्दांत लिहितो, कारण त्याच्या शब्दांत फार थोडे होते. श्रावणात सटाण्याच्या बाजूला एक सामना झाला. समोरून चढाईला एक नवा पोरगा आला, अंगाने बारीक. कोपऱ्याने घोटा धरला, बारकूने कंबर धरली, पोरगा खाली आला. पकड झालीच होती. पण आपल्याकडे पकड झाली तरी सगळे वरून पडतात, त्याशिवाय प्रेक्षकांचे समाधान होत नाही, आणि बारकूही सवयीने पडला. सगळ्यात वर तो होता. आणि खालून आवाज आला. लाकूड मोडल्यासारखा, असे तो म्हणाला. पोराची मांडी मोडली होती. सामना जिंकला, त्याच संध्याकाळी सत्कार झाला, आणि लोक समजतात की तो नारळावरून रुसला. तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी तो त्या पोराच्या गावी जातो. तिथे काय करतोस म्हणून मी विचारले. "काय नाय," म्हणाला. "बसतो. त्याची आई च्या देते."

मग मी माझ्याच दुखण्याचे बोललो. योगेशच्या खांद्याचे सांगितले. त्र्यंबकचे, भगूरचे, अर्ध्या श्वासाचे. बारकू ऐकत होता आणि एकदम म्हणाला, "डावा का उजवा?" डावा, मी म्हणालो. तो उठला, पायाने धुळीत एक रेघ ओढली, आणि मला हाताला धरून तिच्या डाव्या टोकाला नेऊन उभे केले. केरूला समोर उभे केले आणि चढाईला ये म्हणाला.

गोटीरामराव, हे दृश्य तुम्ही डोळ्यांसमोर आणू नये अशी माझी विनंती आहे. पन्नाशीचा संस्कृत शिक्षक, दोन पायांत दोन चपला, वाकून उभा. समोर सायकलवाला केरू, श्वास धरून 'कबड्डी कबड्डी' म्हणतो आहे आणि मध्येच 'सर, धोतर सांभाळा' असेही म्हणतो आहे, म्हणजे नियमाने त्याचा दम तिथेच गेला. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. बारकू म्हणाला, धरा. मी केरूचा घोटा धरला. केरूने उगाच जीव खाऊन झेप घेतली (त्याला हे कुठले वैर आठवले ते विचारायला हवे), माझा हात ताणला गेला, आणि खांद्यात जी कळ आली तिने मला पहिल्यांदा कळले की माझे पोर गेले दोन महिने काय सोसत होते. एवढ्यात काखेखाली एक हात आला. त्याने केरूला थांबवलेच, पण त्याच वेळी माझा खांदा जागच्या जागी धरून ठेवला, आपण उतू जाणारे पातेले अलगद उचलतो तसा. मी पडलो नाही. केरूही पडला नाही. बारकू कोणाच्याही अंगावर पडला नाही.

"मी हितं ऱ्हाईन," तो म्हणाला. "धरीन. आडवा हुईन. पन वरून पडनार नाय. चालंल तर सांगा."

परतीच्या बसमध्ये केरू म्हणाला की हा अर्धा गडी आहे. पकड झाल्यावर गडी दाबून धरला नाही तर तो हात लांबवून रेषा गाठतो, आणि आपले गुण जातात. दिनेश पूर्ण गडी आहे. पूर्ण देऊन अर्धा घेणे हे हिशेबात बसत नाही. त्याचे बरोबर आहे. मी खिडकीतून बाहेर पाहत होतो आणि माझ्या काखेत अजून तो हात होता.

तर पंचमहाशय, प्रश्न असा. येत्या रविवारी सभा आहे. संघाचे हित पाहावे तर दिनेश ठेवावा. तो गेला की यंदाची स्पर्धा गेली, एवढे मलाही कळते. पोराचे हित पाहावे तर बारकू आणावा. अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेल्या बापाने हात वर करावा की खाली ठेवावा, याबद्दल तुमच्या नियमांच्या पुस्तकात काही आहे का? आमच्या शास्त्रात नाही. आमच्याकडे अध्यक्ष ऋषी असत आणि त्यांची पोरे कबड्डी खेळत नसत. तुमचे मत उलट टपाली कळवावे. वहिनींना नमस्कार, हर्षालीस आशीर्वाद. चप्पल एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवू नये. एकटी चप्पल पाहून लोक भलतेच काही समजतात.

आपला,
वाल्मीक

ता. क. सभा येत्या रविवारी आहे असे वर लिहिले, ते खरे नाही. ती गेल्या रविवारी झाली. मी हात वर केला. दिनेश मला काही बोलला नाही, 'सर, तुम्ही म्हणाल तसं' एवढेच म्हणाला आणि त्या दिवशी आमच्याकडे न जेवता गेला. तेव्हा वर मागितलेल्या मताची आता गरज नाही. ते मत मागताना मी न्यायी दिसतो असे वाटले, म्हणून तेवढा भाग खोडला नाही.

ता. क. २. बारकू आला आहे. आडगावला बहिणीकडे उतरला आहे आणि रोज संध्याकाळी मैदानात येऊन डाव्या कोपऱ्याच्या शेजारी, ठरल्या जागी उभा राहतो. कोपरा मोकळा आहे. योगेश खेळायला येत नाही. सभेच्या रात्री त्याने मला विचारले, "माझ्या खांद्यासाठी दिनेशला घालवलंत. मला विचारलं होतं का?" मी म्हणालो की हा मंडळाचा निर्णय आहे. त्यावर तो आत गेला. तेव्हापासून घरी बसला आहे. आईशी बोलतो. माझ्याशी नाही. तुमची बहीण म्हणते, बापलेकांत मी पडणार नाही, दादाला बोलवा. मामाचे तो ऐकतो. या पत्राचे खरे काम हे आहे. शनिवारी निघता येईल का?

ता. क. ३. आता विनोद पुरे. तुमच्या भाच्याचा खांदा आता सुरक्षित आहे, मला तेच हवे होते, आणि तरी मला झोप लागत नाही. हे लिहीत असताना तो पलीकडच्या खोलीत आहे. मधले दार उघडे आहे. एक हाक मारली तर ऐकू जाईल. पण मी हाक मारली आणि त्याने ओ दिली नाही, तर पुढे काय करायचे ते मला माहीत नाही. म्हणून मी अजून हाक मारलेली नाही. तुम्ही या.